‘पंपच गेलाय’ म्हणणाऱ्या मेसेजला एका मिस्त्रीचं उत्तर

मे महिना लागला की ठाण्यातल्या सोसायट्यांना झाडं आठवतात. पावसाआधी फांद्या उतरवायच्या असतात, वृक्ष प्राधिकरणाची परवानगी हातात आलेली असते, आणि गेल्या सप्टेंबरपासून मीटर रूममध्ये पडलेला चेनसॉ बाहेर निघतो. मशीन चालू होतं, पण चेन कोरडी. मग व्हॉट्सॲपवर हा मेसेज फिरतो. यंदा मला तो चौघांनी पाठवला, त्यातले दोघे तर माझेच गिऱ्हाईक:

“चेनला ऑइल येत नाही म्हणजे पंप गेला, बदलून टाका. तोवर ऑइलचा स्क्रू पूर्ण उघडा, ऑइलमध्ये डिझेल घालून पातळ करा. महागडं बार ऑइल कशाला, गॅरेजमधलं जळकं ऑइल चालतं. खात्री करायची तर मशीन नुसतं चालू ठेवा, ऑइल टपकलं नाही तर पंप गेलाच समजा.”

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण गोंधळ तिथूनच होतो. बऱ्याच मशीनमध्ये ऑइल पंप क्लच ड्रमवर, म्हणजे चेन फिरवणाऱ्या ड्रमवर फिरतो. मशीन आयडलला, म्हणजे एक्सलरेटर न देता नुसतं चालू असताना ड्रम थांबलेला, म्हणजे पंपही थांबलेला. ऑइल टपकणार कुठून? तपासायचं तर बारचं, म्हणजे चेन जिच्या कडेनं फिरते त्या लांब पट्टीचं टोक एखाद्या स्वच्छ पुठ्ठ्यापासून वीतभर लांब धरा आणि पाऊण एक्सलरेटरवर मिनिटभर चेन फिरवा. पुठ्ठ्यावर ऑइलची बारीक रेघ उमटली की ऑइल येतंय. दुसरी खूण याहून सोपी. दोन्ही टाक्यांचं माप असं ठेवलेलं असतं की पेट्रोल संपताना ऑइलही तळाला आलेलं असावं. पेट्रोल संपलं आणि ऑइल अजून अर्ध्याच्या वर दिसतंय, तर खरंच कुठेतरी अडलंय.

पण अडलंय म्हणजे पंपातच, हे कोणी ठरवलं? ऑइल टाकीतल्या गाळणीतून नळीत येतं, नळीतून पंपात, पंपातून बार जिथे टेकतो तिथल्या तोंडाशी, तिथून बारच्या भोकात आणि मग खाचेत. खाचेतून चेनच ते टोकापर्यंत ओढून नेते. या वाटेवर सगळ्यात कमी बिघडतो तो पंप. म्हणून मी उलट्या बाजूनं, बारपासून सुरू करतो.

मशीन बंद, स्पार्क प्लगची टोपी काढलेली, हातात ग्लोव्हज. कव्हर उघडलं की आत बहुतेक वेळा भुसा आणि ऑइल यांचा लगदा थापलेला असतो. ओल्या लाकडाचा असेल तर शेणासारखा, आणि वाळला की खरवडूनच काढावा लागतो. चेन बोथट असेल तर ढलप्यांऐवजी पीठ पडतं, ते तर सगळीकडे घुसतं. नारळाचं खोड कापलं असेल तर लांब धागे निघतात. ते खाचेत असे बसतात की पक्कडीनं ओढावे लागतात. बारच्या शेपटाकडची भोकं तारेनं मोकळी करा, खाच टोकाकडून शेपटाकडे खरवडा, आणि बसवताना बार उलटा करून बसवा, म्हणजे झीजही दोन्ही कडांवर सारखी होते.

आता बार आणि चेन बाजूला ठेवून टोपी परत लावा आणि मशीन क्षणभर, क्लच धरेल इतपतच एक्सलरेटर देऊन चालवा. तोंडाशी ऑइल आलं तर पंप ठणठणीत आहे, दोष बारचा. या एका तपासणीत माझ्याकडे आलेली निम्मीअधिक मशीन सुटतात.

तिथेही कोरडं असेल तर ऑइलच्या टाकीकडे वळा. पहिली पाच मिनिटं ऑइल येतं आणि मग बंद होतं, अशी तक्रार असेल तर झाकण सैल करून बघा. लगेच सुरू झालं, तर टाकीत हवा घेणारं बारीक भोक बुजलंय. ऑइल बाहेर जातंय, त्या जागी हवा येत नाही, मग पंप ओढणार काय? ते नसेल तर गाळणी वाकड्या तारेनं बाहेर काढून धुवा आणि नळी चिरली आहे का बघा. चिरलेली नळी ऑइलऐवजी हवा ओढते. एका सोसायटीच्या माळीकाकांनी गेल्या वर्षी स्वयंपाकाचं तेल घातलं होतं. वनस्पती तेलाचं बार ऑइल बाहेरच्या देशांत वापरतात, ते खोटं नाही. पण हे साधं तेल महिनोन्‌महिने टाकीत राहून वार्निशसारखं चिकटलं होतं.

डिझेलचा सल्ला थंड देशांतून आलेला दिसतो. तिथे शून्याखाली ऑइल घट्ट होतं, पंपावर ताण येतो. ठाण्यात मे महिन्यात ऑइल आधीच पातळ असतं. आणखी पातळ केलंत तर ते टोकावरून उडून पँटवर येईल, चेनवर राहणार नाही.

ऑइल कमीजास्त करायचा स्क्रू पूर्ण उघडला तर ऑइल पेट्रोलच्या आधी संपू शकतं आणि मग चेन खरोखरच कोरडी चालते. लहान मशीनवर तर हा स्क्रू बहुधा नसतोच.

जळक्या ऑइलबद्दल मात्र मला राग आहे. त्यात काजळी आणि धातूचा कीस असतो, आणि या पंपाचा दट्ट्या पेन्सिलीहूनही बारीक. वर ते चेनवरून उडून हातातोंडावर बसतं. घातक कचऱ्याच्या २०१६च्या नियमांनुसार वापरून झालेलं ऑइल घातक कचऱ्यात मोडतं, झाडाखाली शिंपडायची ती वस्तू नव्हे. अडचणीच्या वेळी नवं कोरं इंजिन ऑइल घाला, एखादा दिवस निभेल. बार ऑइल वेगळं का, ते दोन बोटांत धरून बघा: बोटं लांब केली की तार निघते. त्या चिकटपणाचेच पैसे आहेत.

पंप जातच नाही असं नाही. त्याला फिरवणारा वर्म गिअर बऱ्याचदा प्लास्टिकचा असतो, त्याचे दाते झिजतात. बार, हवेचं भोक, गाळणी, नळी सगळं ठीक असूनही तोंड कोरडं राहिलं तर क्लच उघडा. पण क्लचचे आटे उलटे असतात, एरवी घट्ट करायला फिरवतो त्या दिशेनं तो सुटतो. घोडबंदर रोडचा एक जण मेसेज वाचून घरीच पंप बदलायला बसला, नेहमीच्या दिशेनं हातोडा मारत राहिला आणि क्रँकचं टोक मोडून मशीन पिशवीत घेऊन आला. बारच्या भोकात नारळाचा धागा होता.