जुनं टूलच बरं होतं

काल दुपारी माझा चांगला जॉब, म्हणजे मशीनवर कापलेला तुकडा, नापास झाला आणि वाईट जॉब पास झाला. दोन्ही कार्बन फायबरचे, एकाच पॅनेलमधून कापलेले, ४० थरांचे, ५ मिलिमीटर जाड. नापास झालेला कोऱ्या टूलने कापलेला. पास झालेला ज्या टूलने कापला, त्याच्या शँकला, म्हणजे दांड्याला, मी स्वतः लाल रंग फासून ते भंगाराच्या डब्यात टाकलं होतं. ड्रॉइंगवर कडेच्या फिनिशचा आकडा आरए, म्हणजे सरासरी खरखरीतपणा, जास्तीत जास्त ३.२ मायक्रॉन. बस्स, एवढंच. कुठल्या दिशेनं मोजायचं, कुठल्या थरावर, एक अक्षर नाही. ॲल्युमिनियमच्या जुन्या ड्रॉइंगवरून ती खूण तशीच उचललेली आहे, हे शेंबडं पोरही सांगेल.

तपासायला आलेले साहेब धातूतले. त्यांनी रफनेस टेस्टर डब्यातून असा काढला, जणू झोपलेलं मूल पाळण्यातून उचलतायत. मग खिशातला रुमाल काढून जॉबची कड पुसली. रुमाल कुठेही अडकला नाही. याची दाद मात्र त्यांनी दिली नाही. अहो, सगळ्यात वरच्या आणि खालच्या थराला धाग्यांची लव फुटू नये म्हणून आम्ही कॉम्प्रेशन कटर लावतो. त्याच्या खालच्या पात्यांचा पीळ वर ओढतो, वरच्यांचा खाली दाबतो. हे दोन पीळ जिथे भेटतात ती जागा प्लेटच्या जाडीच्या आतच यावी लागते. झेड, म्हणजे कटरची उंची, चुकला की सगळी ओढ एकाच बाजूला, आणि वरचा थर महिनाभर दाढी न केलेल्या माणसासारखा. तो झेड जुळवण्यात सकाळ गेली होती. असो.

साहेबांनी सुई कडेच्या लांबीने फिरवली. सुईच्या टोकाची त्रिज्या २ मायक्रॉन, कार्बनचा धागा ५ ते ७ मायक्रॉन जाड, आणि आमचा एक थर ०.१२५ मिलिमीटरचा. म्हणजे ४ मिलिमीटरच्या मोजणीत सुई बहुतेक एकाच थरात राहणार. चाळीस बिऱ्हाडांच्या चाळीत एका खोलीत डोकावून चाळीला नावं ठेवण्यातला प्रकार. आणि ती खोली नेमकी १३५ अंशांची निघाली. कापण्याची दिशा आणि धागा यांच्यात ४५ अंश असले तर धागा गुमान कापला जातो. १३५ असले की धार धाग्याच्या पोटाखाली शिरते, तो आधी वाकतो आणि मग कापाच्या रेषेच्याही खाली कुठेतरी मोडतो. मागे राहतो खड्डा. उलट्या बाजूने कापलं तर? तर आधीचा शहाणा थर बिघडतो आणि बिघडलेला शहाणा होतो. वाईट थर बदलतो, वाईटपणा नाही.

"तीन पॉइंट आठ," साहेब म्हणाले. आवाजात दुःख वगैरे नव्हतं.

"साहेब, सुई जाडीच्या दिशेनं फिरवा ना. सगळे थर येतील."

"पाच मिलिमीटरच्या कडेवर? सुईला पळायलाच चार पॉइंट आठ लागतात."

हे खरं होतं, म्हणूनच जास्त झोंबलं. "जेमतेम बसेल," मी म्हटलं.

"जेमतेम बसणारी गोष्ट मी मोजत नाही."

"मग जरा वर सरकवून बघा."

त्यांनी केसभर वर सरकवली. दोन पॉइंट एक.

"बघा, आला की साहेब! पास?"

"नाही. पहिला आकडा पेनाने लिहून झालाय."

तेवढ्यात त्यांना टेबलाच्या कोपऱ्यातला तो जुन्या टूलने कापलेला तुकडा दिसला. नव्या पोरांना 'असं करायचं नाही' म्हणून दाखवायला मी तो मुद्दाम ठेवलेला. साहेबांचा चेहरा उजळला. "हा बघा! आरसा आहे आरसा!" मी नको नको म्हणेपर्यंत सुई फिरलीसुद्धा. एक पॉइंट तीन.

"साहेब, तो टाकलेला आहे. वास घेऊन बघा."

त्यांनी खरंच घेतला. दोनदा. "कसला वास?"

"जळक्या रेझिनचा. धागे ज्यात चिकटवलेत त्याचा."

"ड्रॉइंगवर वासाचा टॉलरन्स कुठे दिलाय?"

याला उत्तर नाही. म्हणजे उत्तर आहे, पण ते ऐकायला साहेब थांबले नाहीत, म्हणून इथे देतो. कार्बनचे धागे कार्बाइडची धार झिजवतात. धार गोल झाली की ती कापत नाही, घासते, आणि घासली की तापते. विमानाच्या कामातलं एपॉक्सी रेझिन साधारण १८० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडतं, आणि टूल ते कडेवर लोण्यासारखं फासतं. मोडके धागे, खड्डे, सुटू लागलेले थर, सगळ्यावर पांघरूण. सुई वरून घसरत जाते आणि आकडा देखणा येतो. त्यात आरए ही मुळात सरासरी. ४ मिलिमीटरच्या रेषेत १०० मायक्रॉन रुंद, २० मायक्रॉन खोल असा एक खड्डा असला, तरी आरए वाढतो तो जेमतेम पाव-अर्धा मायक्रॉन. खड्डा शोधायचा तर आरझेड, आरटी मागा, ते शिखरापासून खड्ड्याच्या तळापर्यंतची उंची सांगतात. यंत्र असेल तर रेषेऐवजी क्षेत्र मोजा. निदान सूक्ष्मदर्शकाखाली तरी धरा. पण त्याला पाच मिनिटं लागतात, आणि साहेबांकडे फक्त सल्ले द्यायला वेळ होता.

पहिला सल्ला : "फीड निम्मा करा." म्हणजे टूल पुढे सरकण्याचा वेग. टर्निंगमध्ये, लेथवर, हे शोभतं. तिथे फीड निम्मा केला की कागदावर तरी खरखरीतपणा चौथाईवर येतो. इथे ६ मिलिमीटरचं दोन पात्यांचं टूल, ८००० आरपीएम, फीड मिनिटाला ६४० मिलिमीटर, म्हणजे दर दाताला, अर्थात पात्याला, ०.०४ मिलिमीटर. ते ०.०२ केलं की प्रत्येक दात त्याच लांबीत दुप्पट वेळा घासणार, टूल निम्म्या लांबीत मरणार, आणि पुन्हा तोच आरसा. दुसरा सल्ला : "थोडा पॉलिश पेपर मारा." पेपरने लव जाते, कबूल. खड्डा जात नाही. त्यात काळी भुकटी भरते, आणि आकडा सुधारतो! एकूण काय, जॉबची जितकी वाट लावाल तितका आकडा गोड.

ती भुकटी हा वेगळा विषय. ती वीजवाहक असते, मशीनच्या विजेच्या पॅनेलच्या पंख्यातून आत शिरली की मोटर चालवणाऱ्या ड्राइव्हचं काय होईल सांगता येत नाही. म्हणून सक्शन पाइप थेट कटरच्या तोंडाशी हवा, मशीनच्या कोपऱ्यात शोभेला नको. आणि बाही मनगटाशी घट्ट हवी. मी हे लिहितोय आणि अजून खाजवतोय.

साहेबांनी जाताना स्लिप भरली. शेरा : 'नवीन टूलमुळे फिनिश खराब. जुने टूल वापरावे.' खाली माझी सही घेतली. अजून बावीस तुकडे कापायचेत. शँकवरचा लाल रंग थिनरने निघतो, पण थिनरची बाटली कुणी नेलीय कोण जाणे.