एज्युकेशन म्हणजे 'आतलं बाहेर काढणं'? नाही हो

शिक्षक दिन आला की व्हॉट्सॅपवर तो फॉरवर्ड येतोच, बीएडच्या नोट्समध्येही तेच छापलेलं असतं: एज्युकेशन हा शब्द लॅटिन 'एदूकेरे'वरून आला, अर्थ बाहेर काढणं, शिवाय 'एदुकातुम' म्हणून आणखी एक मूळ आहे, आणि रोमन लोक पोरांच्या डोक्यात काही कोंबत नसत, फक्त सुप्त गुण फुलवायचे.

आता मुळात क्रियापदं दोन आहेत. एदूकेरे म्हणजे बाहेर नेणं, सीझर छावणीतून फौज बाहेर काढतो तिथे हेच, म्यानातून तलवार उपसायलाही हेच, पण याचं नाम होतं एदुक्तिओ. आपल्या शब्दातलं 'एदुकातिओ' येतं एदुकारेपासून, म्हणजे खाऊपिऊ घालून लहानाचं मोठं करणं. दोघांचं मूळ बहुधा एकच, आणि प्लॉटससारखे जुने नाटककार एदूकेरेसुद्धा 'वाढवणं' या अर्थाने वापरतात, तेवढा घोळ रोमनांनीच घातलाय हे मान्य. पण फरक त्यांना कळत होता ना! वारो या रोमन पंडिताचं वाक्यच आहे: सुईण 'एदूकित', दाई 'एदुकात', मग पेदागोगुस (पोरांवर लक्ष ठेवणारा घरचा गुलाम) वळण लावतो आणि मास्तर शिकवतो. म्हणजे फॉरवर्डवाल्यांचं ते बाहेर काढणं हे सुईणीचं काम, आणि शिकवायला वारो तिसरंच क्रियापद वापरतो, 'दोकेत', ज्याच्यातून डॉक्टर आला.

एदुकातुम हे वेगळं मूळ वगैरे काही नाही, एदुकारेचंच एक रूप आहे, नोट्समध्ये एक मुद्दा वाढतो एवढंच.

'वाढवणं' हा अर्थ पुढेही टिकला. 19व्या शतकात फ्रान्समध्ये रेशीमकिडे पाळण्यालासुद्धा 'एद्युकासियों' म्हणायचे, 1865 पासून लुई पाश्चरने त्या किड्यांच्या रोगावर काम केलं त्यातही हाच शब्द आहे. तुतीचा पाला घाला, ऊब सांभाळा, रेशीम काढायचं ते नंतर. स्पॅनिशमध्ये 'एदुकादो' माणूस म्हणजे चांगलं वळण असलेला, डिग्री असो नसो.

राहिले ते गुण फुलवणारे रोमन. होरेस या रोमन कवीने आपल्या मास्तरला, ऑर्बिलिअसला, 'प्लागोसुस' म्हटलंय, म्हणजे फटके देणारा, आणि हा मास्तर लिव्हिअस अँड्रोनिकसच्या जुनाट कविता पोरांना उतरवून घ्यायला लावायचा. यात सुप्त गुण कुठे शोधायचे?

आणि एदूकेरेचा वंशज हवाच असेल तर इंग्रजीत 'इड्यूस' आहे की, बाहेर काढणं हाच अर्थ, फॉरवर्डमध्ये तो घाला.