नाकापेक्षा मोती जड

दोन ओळींचं फंक्शन लिहून ते तसंच उघडंबोडकं चारचौघांत सोडणारी माणसं अजून आपल्या धंद्यात आहेत. तुम्ही त्यातले नसाल अशी आशा आहे. पायथन या प्रोग्रामिंग भाषेने 2004 साली, 2.4 आवृत्तीतच, @ देऊन ठेवलाय: तो लावून फंक्शनच्या डोक्यावर डेकोरेटर चढवायचा, म्हणजे मूळ फंक्शनभोवती जादा काम गुंडाळणारं दुसरं फंक्शन. त्याआधी बिचारे लोक फंक्शन संपल्यावर खाली 'एफ = क्लासमेथड(एफ)' अशी वेगळी ओळ लिहायचे. काय चाललंय ते वाचणाऱ्याला लगेच कळायचं. शोभतं का हे?

तर किमतीला 1.18 ने गुणणारं एक साधं फंक्शन घ्या. त्याच्या डोक्यावर नोंदी लिहिणारं लॉगिंग चढवा, वेळ मोजणारा चढवा, परवानगी तपासणारा, एकदा काढलेलं उत्तर साठवून ठेवणारा कॅश, फसलं की पुन्हा प्रयत्न करणारा रिट्राय, सगळे चढवा. गुणाकार शोधायला स्क्रोल करावं लागलं पाहिजे. रिव्ह्यूत कुणी "हे कशाला?" म्हणालंच, तर "क्रॉस-कटिंग कन्सर्न" एवढंच पुटपुटा आणि चहाला जा.

डेकोरेटर घरीच बनवा. त्याला पॅरामीटर द्यायचा असेल तर डेफमध्ये (म्हणजे फंक्शनच्या व्याख्येत) डेफ, त्यात आणखी एक डेफ, असा तीन मजली वाडा बांधा. मूळ फंक्शनचं नाव-गाव जपणाऱ्या, पायथनसोबतच येणाऱ्या फंक्टूल्समधल्या रॅप्सला हात लावू नका. आयता मिळतो म्हणून घ्यायलाच हवा असं थोडंच आहे? तो नसला की सगळ्या फंक्शनांचं नाव आतल्या गुंडाळणाऱ्या फंक्शनचं, म्हणजे 'रॅपर' होतं आणि डॉकस्ट्रिंग (फंक्शनची माहिती देणारा मजकूर) गुल. मग रात्री दोनला लॉगमध्ये 'रॅपर सुरू, रॅपर संपलं, रॅपर सुरू' असा नामजप वाचत बसा. पायथनमध्ये वेबसाइट बांधायला वापरतात तो फ्लास्क तेवढा कुरकुरतो. दुसरा 'रॅपर' आला की या नावाचा एंडपॉइंट (विनंती जिथे पोचते ती जागा) आधीच आहे म्हणून अडून बसतो. अरसिक आहे.

क्रमाचं टेन्शन अजिबात घेऊ नका. डेकोरेटर खालून वर लागतात, पण ते वाचतो कोण! फ्लास्कमध्येच राउट, म्हणजे वेबपत्ता फंक्शनला जोडणारा डेकोरेटर, खाली ठेवा आणि लॉगिनची तपासणी त्याच्या वर. राउट आपल्या वहीत नोंदवतो ते खालचं उघडं फंक्शन. तपासणी मागाहून चढते, पण विनंती आली की तिला कुणी विचारत नाही. कोड वाचणाऱ्याला मात्र दारात पहारेकरी दिसतो, काठी-शिट्टीसकट.

शिल्लक रक्कम सांगणाऱ्या फंक्शनवर एलआरयू कॅश (जागा भरली की सगळ्यात आधी वापरलेलं उत्तर काढून टाकणारा) तर हवाच. त्याला मुदत नसते. 128 जागा भरेपर्यंत सोमवारची शिल्लक शुक्रवारीही तीच. ग्राहकाला स्थैर्य आवडतं.

रिट्रायबद्दल स्वानुभवाने सांगतो. पैसे कापणाऱ्या फंक्शनवर मी एकदा तीन प्रयत्नांचा लावला होता. पैसे पहिल्या फटक्यातच कापले गेले, उत्तर तेवढं उशिरा आलं. रॅपरने टाइमआउट बघितला आणि इमानेइतबारे आणखी दोनदा कापले. ग्राहक फोनवर ओरडत होता आणि मी फंक्शनची ओळ न् ओळ वाचत होतो. बग सापडेना. फंक्शनमध्ये नव्हताच तो, वर @ लावून ऐटीत बसला होता.

परवा टीममध्ये नव्याने आलेल्या मुलीने त्या 1.18 वाल्या फंक्शनवरचे सगळे डेकोरेटर काढून पुल रिक्वेस्ट टाकली. सगळ्या टेस्ट पास झाल्या. मी अजून मंजूर केलेली नाही.