‘0.9 म्हणजे 90 टक्के फुटलेला देश’ : हे खरे नाही

देशांच्या ‘सामाजिक विखंडनाचा’ एक तक्ता फिरतो आहे. त्यात 0.9 गुण असलेला देश 90 टक्के फुटलेला आणि यादवीच्या उंबरठ्यावर, असे लिहिले आहे. दोन्ही विधाने चुकीची आहेत.

हा निर्देशांक एवढेच सांगतो : देशातली कोणतीही दोन माणसे सहज उचलली, तर ती वेगवेगळ्या गटांतली निघण्याची शक्यता किती. प्रत्येक गटाच्या वाट्याचा वर्ग करायचा, बेरीज करायची, ती 1 मधून वजा करायची. दहा समान गट असतील तर 0.9 येतो, दोन समान गट असतील तर फक्त 0.5. भांडणाचा धोका मात्र दोन समान गटांच्या देशात जास्त असू शकतो. म्हणूनच ‘ध्रुवीकरणाचा’, म्हणजे समाज दोन तुल्यबळ गटांत विभागण्याच्या किती जवळ आहे याचा, वेगळा निर्देशांक निघाला. त्यात दोन समान गटांना 1, तर दहांना 0.36 मिळतात.

उदाहरण रवांडाचे घ्या. 85 टक्के हुतू, 14 टक्के तुत्सी, 1 टक्का त्वा असे वांशिक गट धरले तर विखंडन जेमतेम 0.26. तिथेच 1994 साली नरसंहार झाला. शंभराहून अधिक वांशिक गटांचा टांझानिया तुलनेने शांत राहिला.

शिवाय गट कोणते मानायचे, हे मोजणाराच ठरवतो. सोमालियात भाषा पाहिली तर देश जवळपास एकसंध; कुळे मोजली की चित्र पालटते. आणि विषमता? ती या आकड्यात येतच नाही. त्यासाठीचा गिनी गुणांकही श्रीमंत कोणत्या गटातले, हे सांगत नाही.