चिखलावर महामार्ग बांधायचाय? एकदम सोपं!

परवा खाडीपुलावर चढताना गाडीनं असा दणका खाल्ला की पुढचा शॉकअप गेला. गॅरेजवाला हसत म्हणाला, "साहेब, नवा रस्ता ना?" बिल खिशात घालतानाच ठरवलं, ही विद्या सर्वांना मोफत द्यायची.

तर मुंबईत महामार्ग काढणाऱ्या होतकरू मंडळींनो, ऐका.

माती तपासायचे बोअर कमीच मारा. दोन बोअरच्या मध्ये काय दडलंय ते पावसाळा सांगतोच.

मुंबई बसाल्टवर उभी आहे, हे सभेत ठणकावून सांगा. खाडीकाठची चिकणमाती सभेला येत नाही.

आता खरं कसब. पुलाचे पाइल, म्हणजे जमिनीत खोल जाणारे पायाचे खांब, थेट खडकापर्यंत न्या, म्हणजे पूल तसूभर हलणार नाही. जोडरस्त्याचा भराव मात्र मऊ मातीवरच रचा. वजन पडलं की त्या मातीतलं पाणी सावकाश बाहेर येतं आणि माती बसत जाते, कधी कधी वर्षानुवर्षं. मृदा-अभियंता तेर्झागीनं हे गणित १९२५ मध्येच मांडलंय. पाणी लवकर निघावं म्हणून काही भित्रे लोक मातीत निचऱ्याच्या उभ्या पट्ट्या रोवतात, वर जादा भराव चढवतात, माती किती बसली ते दाखवणाऱ्या सेटलमेंट प्लेट वाचत महिनोन्‌महिने थांबतात. तुम्ही थांबू नका! पट्ट्या रोवल्याचे फोटो काढा, जादा भराव मुदतीआधीच उचला, डांबर ओता, फीत कापा. पुढच्या पावसाळ्यात पूल जागेवर आणि रस्ता वीतभर खाली. मग त्या पायरीवर डांबराचा थर. थराचं वजन वाढलं की माती आणखी बसते, म्हणून आणखी एक थर. तो खचला की पेव्हर ब्लॉक. तेही उखडले की पिवळं बॅरिकेड, तेवढं मात्र वर्षभर टिकतं.

घाटात डोंगर उभाच कापा. मुंबई-गोवा महामार्गावरच्या परशुराम घाटात दरड आली की पावसाचं नाव घ्या.

पावसाचं नाव? अहो, सांताक्रूझला वर्षाला २००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, हे काय काल कळलं तुम्हाला? मातीचे अहवाल तुमच्याच टेबलावर होते. सल्लागारानं वाचले, ठेकेदारानं वाचले, सही करणाऱ्यानं न वाचता सही केली. दुचाकीवाला त्या पायरीवर आपटला की वर तोंड करून म्हणता, त्याचा वेग जास्त होता. लाज वाटू द्या जरा! घाई तुम्ही केलीत, भराव रचताना. आता तो उकरा, खालची माती सुधारा, बसणं थांबेपर्यंत गप्प थांबा, आणि खर्च आमच्या टोलमधून काढू नका.