पस्तीस-पस्तीस

उत्तरपत्रिकांचा गठ्ठा सोडला की मी आधी कंपोझिट बारचा, म्हणजे दोन धातूंनी मिळून भार पेलणाऱ्या दांड्याचा, प्रश्न गाठतो. जे काही सोसायचं ते डोकं ताजं असताना सोसलेलं बरं. प्रश्न ठरलेला: 20 मिमी व्यासाची पोलादी सळई, तिच्याभोवती तांब्याची नळी, नळीचा आतला व्यास 25 आणि बाहेरचा 35 मिमी, लांबी दोघांची 500 मिमी, दोन्ही टोकांना ताठ प्लेट आणि वरून 70 किलोन्यूटनचा दाब. कोणाच्या वाट्याला किती भार?

बरीच जनता 35-35 लिहून मोकळी होते. घरी दोन भावंडांत खाऊ असाच वाटला गेला असणार. संस्कार उत्तम, पण संस्कारांना मार्क द्यायची सोय नाही.

अहो, ही तीन पायांची शर्यत आहे. पाय एकमेकांना बांधलेले, त्यामुळे अंतर दोघांनाही सारखंच कापावं लागतं. दम मात्र ज्याचा त्याला वेगळा लागतो. इथे रुमालाचं काम प्लेट करते. सळई जितकी आखूड होईल तितकीच नळीही होणार. समान आहे ते आखूड होणं. भार नाही आणि स्ट्रेस, म्हणजे दर चौरस मिमीच्या वाट्याचा भार, तर नाहीच नाही.

हे पटलेली मुलं पुढे नळीच्या एरियात अडकतात. 35 वजा 25 बरोबर 10, दहाचा वर्ग 100, म्हणून एरिया 78.5 चौरस मिमी! आधी वर्ग, मग वजाबाकी, हे किती वेळा सांगायचं? 1225 वजा 625 म्हणजे 600, त्याला π भागिले चारने गुणलं की 471 येतात. सळईचे 314. पोलादाचा ई, म्हणजे धातूच्या ताठपणाचा आकडा, 200 गिगापास्कल, तांब्याचा साधारण 100 धरू. एरिया गुणिले ई केलं की लांबी सारखी असल्याने वाटणीचं प्रमाण निघतं 4 : 3. सळईला 40 किलोन्यूटन, नळीला 30. स्ट्रेस अनुक्रमे 127 आणि 64 मेगापास्कल, म्हणजे बरोबर दुप्पट, कारण ई दुप्पट आहे. मोड्युलर रेशो म्हणून जे घोकतात ते एवढंच, दोन ईंचं गुणोत्तर. घोकलेलं असल्यामुळे ते उलटंही लिहिलं जातं, मग तांबं पोलादापेक्षा कडक निघतं.

आता आखूड किती झाली? 0.318 मिमी. सळईवरून काढा, नळीवरून काढा, आकडा तोच यायला हवा. फुकटात मिळणारा हा ताळा कोणी करत नाही. गिगापास्कलचे मेगापास्कल करताना हजार विसरले की उत्तर 318 मिमी येतं. अर्ध्या मीटरची सळई चेचून वीतभर उरते, आणि पठ्ठ्या खाली दोन रेघा मारून पुढच्या प्रश्नाला लागतो.

खरा छळ तापमानाच्या उपप्रश्नात. भार काढला, टोकं पक्की जोडली आणि जोडी 50 अंशांनी तापवली. मोकळी सोडली तर सळई 0.300 मिमी वाढेल, नळी 0.425. बांधलेली असल्याने नळी सळईला ओढते, सळई नळीला मागे खेचते. म्हणून तांब्यात दाब आणि पोलादात ताण. मुलं दोघांतही दाब दाखवतात. बाहेरून कोणी हात लावत नसताना दोघं दाबली जाताहेत, तर मग दाबतंय कोण? आतल्या दोन बलांची बेरीज शून्य यायलाच हवी. इथे दोन्हीकडे सुमारे 6.7 किलोन्यूटन येतात, एकीकडे ओढ आणि एकीकडे रेटा. स्ट्रेस सळईत 21.4, नळीत 14.3 मेगापास्कल. तडजोड होते 0.354 मिमीवर, आणि ती मधोमध नाही. तांबं 0.071 मिमी मागे येतं, पोलाद 0.054 पुढे सरकतं. जो कडक त्याला कमी वाकावं लागतं. सोसायटीच्या मीटिंगला बसणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

काँक्रीट आणि सळई यांचं प्रसरण जवळजवळ सारखं आहे म्हणून बरं. नाहीतर आपले कॉलम दर मे महिन्यात आतल्या आत भांडले असते.

हे सगळं टोकं तंतोतंत एका पातळीत आहेत असं धरून. मुळात सळई नळीपेक्षा 0.1 मिमी लांब कापली गेली, तर प्लेट नळीला टेकेपर्यंत पहिले 12.6 किलोन्यूटन सळई एकटी खाते. उरलेले 57.4 मग 4 : 3 ने वाटले जातात आणि सळईवर 40 ऐवजी 45.4 किलोन्यूटन येतात. 0.1 मिमी म्हणजे किती, तर माझ्यासमोरच्या उत्तरपत्रिकेचं एक पान साधारण तेवढंच जाड असतं.