गाळातला फोटो अजरामर कसा करावा

नालेसफाईच्या पाहणीला तुम्ही पांढरंशुभ्र लिनन घालून गेलात, हे उत्तमच केलंत. जूनचा पहिला आठवडा, सोबत उपअभियंता, मागे चार कार्यकर्ते, डोक्यावर ठेकेदाराच्या माणसाने धरलेली छत्री. आणि नेमका तेव्हाच स्लॅबचा तुकडा निसटला. दुसऱ्या दिवशी पान तीनवर चार कॉलमी फोटो. डावा पाय काठावर, उजवा गुडघ्यापर्यंत गाळात, तोंडाचा आ वासलेला आणि मुठीत उपअभियंत्याची कॉलर. खाली ओळ : 'नालेसफाई शंभर टक्के पूर्ण.'

यावर गप्प बसणं हा एक उपाय आहे, पण तो भित्र्या माणसांचा. पेपर दुपारपर्यंत शिळा होतो, महिनाअखेरीला रद्दीत जातो आणि पान तीनवर कुणीतरी भेळ खातं. व्हॉट्सअॅपवर पोरं दोन दिवस खिदळतात, तिसऱ्या दिवशी दुसरा कुणीतरी कुठेतरी पडतो (आपल्याकडे पडणाऱ्यांची वानवा नाही) आणि तुम्हाला सगळे विसरतात. इतकी आयती चालून आलेली प्रसिद्धी अशी भेळेबरोबर संपू द्यायची? त्यापेक्षा पेपरवर अब्रूनुकसानीचा दावा लावा. एकदा दावा लागला की फोटो भेळवाल्याच्या तावडीतून सुटतो आणि सरकारी दप्तरात जमा होतो. तिथून तो तुम्हालाही परत काढता येत नाही.

सुरुवात नोटिशीने करा. चांगला वकील 'आमचे अशील हे समाजातील प्रतिष्ठित असामी असून' अशी सुरुवात करतो आणि दुसऱ्या परिच्छेदात 'आमचे अशिलांचा उजवा पाय गाळात रुतलेला व चेहऱ्यावर भेदरल्याचे भाव असलेले छायाचित्र' येतं. हे त्याला लिहावंच लागतं, नाहीतर नोटीस कशाबद्दल ते कळायचं कसं? मग नोटिशीची बातमी होते. बातमीला फोटो लागतो. कुठला लावायचा यावर संपादकाला फार डोकं खाजवावं लागत नाही.

पेपरने दिलगिरी छापावी असा आग्रह धरा. ती आतल्या पानावर, शेअर बाजाराच्या खाली, मुंगीच्या अक्षरात येईल : 'अमुक तारखेच्या अंकात श्री. अमुक हे नाल्यात पडतानाचे छायाचित्र प्रसिद्ध झाले होते. त्यामुळे त्यांच्या भावना दुखावल्या असल्यास आम्ही दिलगीर आहोत.' त्या दिवशी पेपर न घेतलेल्यांची अशी सोय होते.

कायदा तुमच्या बाजूने आहे, घाबरू नका. इतकी वर्षं दंड संहितेचं कलम 499 आणि 500 म्हणायचो ते 1 जुलै 2024 पासून न्याय संहितेचं कलम 356 झालंय. बदनामी शब्दांनीच व्हायला हवी असं नाही, खुणांनी होते, चित्रानेही होते. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही, आणि नव्या कायद्यात समाजसेवेचीही सोय आहे. संपादकाला समाजसेवा म्हणून नालेसफाईला पाठवायचा विचार मनात येईल, पण त्याच्याकडे कॅमेरा असतो हे लक्षात ठेवा.

मेख एकच आहे. तुम्हाला वाईट वाटलं एवढ्याने बदनामी होत नाही, चार लोकांच्या नजरेत तुमची पत उतरलेली दिसावी लागते. म्हणजे साक्षीदार हवा. असा जिवाभावाचा माणूस शोधा, जो पिंजऱ्यात उभा राहून शपथेवर सांगेल, "फोटो पाहण्यापूर्वी मला साहेबांबद्दल फार आदर होता, आता तितका राहिला नाही." कार्यकर्त्यांना विचारून पाहा. पहिला म्हणेल, "साहेब, आदर होता तसाच आहे," आणि तुमची केस तिथेच बसेल. दुसरा इतक्या चटकन तयार होईल की तुम्हालाच शंका येईल.

मग तुमचा उलटतपास. समोरचा वकील फोटो मोठा करून आणतो, कारण पेपरातला बारीक होता. "हा पाय तुमचाच ना?" "हो." "आणि ही कॉलर?" "उपअभियंत्याची." "तुम्ही ती का धरलीत?" यावर काहीही उत्तर दिलंत तरी ते टाइप होतं. फोटोवर निशाणी क्रमांक पडतो. आता तो साधा फोटो राहिला नाही, पुरावा झाला, आणि नक्कल विभागात अर्ज करून फी भरली की त्याची शिक्क्याची प्रत निघते. मूळ फोटोला कुठला शिक्का होता?

एखादा हुशार कार्यकर्ता पुण्याचं उदाहरण देईल. खरं आहे ते. 2008 साली टाइम्स नाऊ वाहिनीने भविष्य निर्वाह निधी घोटाळ्याच्या बातमीत दुसऱ्याच एका न्यायमूर्तींच्या नावासोबत सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचा फोटो दाखवला. जेमतेम पंधरा सेकंद. 2011 मध्ये पुण्याच्या न्यायालयाने त्यांच्या बाजूने शंभर कोटींचा हुकूमनामा केला. हा आकडा ऐकून तुमच्या तोंडाला पाणी सुटेल, पण तिथे बातमी दुसऱ्याची होती आणि फोटो सावंतांचा. तुमच्या बाबतीत बातमी तुमची, फोटो तुमचा आणि गाळही तुमच्याच प्रभागातला.

फोटो खरा असूनही खटला चालतो का? चालतो, आणि त्यासाठी अमेरिकेत जावं लागेल. क्रॉफर्ड बर्टन हे तिथले नावाजलेले हौशी घोडेस्वार. त्यांनी कॅमल सिगारेटच्या जाहिरातीसाठी फोटो काढून घेतले, पैसेही घेतले. एका फोटोत ते शर्यत संपवून, खोगीर पुढे दोन्ही हातांत धरून वजन करून घ्यायला निघालेत. खोगिराचा पांढरा तंग (म्हणजे ते घोड्याला बांधायचा पट्टा) सुटून मधोमध लोंबतोय, आणि छायाचित्रकाराने असा कोन साधलाय की तो तंग खोगिराचा न वाटता खुद्द बर्टनसाहेबांच्या देहाचाच भाग वाटावा. त्यात जाहिरातीचं वाक्य, कॅमल ओढा आणि उभारी मिळवा अशा अर्थाचं. सिगारेटवाल्यांना बिचाऱ्यांना दिवसभराच्या कामानंतरची उभारी म्हणायची होती. मासिक घरोघर गेलं. पुढचं तुम्ही समजू शकता.

बर्टन यांनी मासिकाच्या प्रकाशकांवर दावा लावला. खालच्या कोर्टाने तो फेटाळला. 1936 साली अपिलात न्यायमूर्ती लर्नेड हँड यांनी तो उचलून धरला. हा दृष्टिभ्रम आहे हे बघणाऱ्याला कळतं, कुणी ते खरं मानणार नाही, पण माणसाचं प्रचंड हसं होतं आणि तेवढं पुरेसं आहे, असा निकाल. मोठं न्यायी बोलणं. मात्र तिथवर जाण्याआधी न्यायमूर्तींना चित्राचं वर्णन करावं लागलं : उजवा हात कुठे, डावा कुठे, रिकीब कुठे लटकतेय, खोगिराची बैठक कमरेच्या किती इंच खाली आहे. बारा इंच, असं निकालपत्रात आहे. इतक्या निगुतीने तो फोटो त्या जाहिरातवाल्यांनीही पाहिला नसेल. मासिकाचा तो अंक केव्हाच चुलीत गेला असता. निकाल मात्र अमेरिकेतली कायद्याची पोरं आजही वाचतात, नव्वद वर्षं होत आली, आणि मागच्या बाकावर कुणीतरी हळूच विचारतं, "फोटो मिळेल का बघायला?" बर्टनसाहेबांनी कोणत्या शर्यती जिंकल्या हे त्या पोरांना विचारू नका.

युरोपातल्या राजघराण्याची परंपरा हवी असेल तर मोनॅकोच्या राजकन्या कॅरोलाइन आहेत. समुद्रकाठच्या क्लबात, पोहण्याचा पोशाख, अंगाभोवती टॉवेल, कशाला तरी अडखळल्या आणि पडल्या. जर्मन मासिकाने फोटो छापले. जर्मनीतल्या न्यायालयांनी सार्वजनिक व्यक्तीला इतकं सोसावं लागतं असं सांगितलं, तर बाई थेट स्ट्रासबर्गच्या मानवाधिकार न्यायालयात गेल्या आणि 24 जून 2004 रोजी जिंकल्या. खाजगी आयुष्याच्या हक्कातला हा मैलाचा दगड मानतात, आणि तो आहेच. त्या मैलाच्या दगडावर कोरलंय की राजकन्या टॉवेल गुंडाळून पडल्या. गंमत म्हणजे ते फोटो बरेच धूसर होते, असंही निकालपत्रातच नोंदवलंय. धूसर फोटो एकदाच छापून आले, निकालातलं स्वच्छ वाक्य मात्र कायमचं राहिलं.

(अमेरिकी गायिका बार्बरा स्ट्रायसँड यांनी ज्यावरून दावा लावला, तो त्यांच्या किनाऱ्यावरच्या बंगल्याचा फोटो दाव्याआधी वेबसाइटवरून सहा वेळा उतरवून घेतला गेला होता, त्यातले दोनदा त्यांच्याच वकिलांनी, आणि दाव्यानंतर महिनाभरात चार लाखांवर लोक बघायला आले, ही कथा तुम्हाला प्रत्येक शहाणा ऐकवेल. ऐकून घ्या. वकील नोटिशीआधी फोटो बघतात, एवढाच बोध घ्या.)

नुकसानभरपाईचं म्हणाल, तर ती कुणाला मिळते हे आधी बघा. हॉलिवूडचे तारे मायकल डग्लस आणि कॅथरिन झीटा-जोन्स यांनी 2000 सालच्या लग्नाचे फोटो 'ओके' मासिकाला दहा लाख पौंडांना विकले होते. 'हॅलो'ने चोरून काढलेले छापले, त्यात नवरीला केक भरवतानाचाही. नवरीला तो अगदीच गावंढळ वाटला. खटला झाला, 'ओके'ला दहा लाखांवर पौंड मंजूर झाले आणि नवरा-नवरीला 14,600. आपलं हसं आणि दुसऱ्याचा गल्ला, हा व्यवहार तुमच्या ठेकेदाराला लगेच समजेल.

राजकारणातली माणसं पाय गाळातून निघाला तरी दावा सोडत नाहीत. जर्मनीचे राष्ट्राध्यक्ष एबर्ट यांनी 1919 च्या ऑगस्टमध्ये शपथ घेतली, आणि त्याच दिवसांत बर्लिनच्या एका सचित्र साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर ते संरक्षणमंत्र्यांसह बाल्टिक समुद्रात पोहण्याच्या चड्डीत उभे असलेले झळकले. विरोधकांनी एका बाजूला गणवेशातला कैसर (म्हणजे जुना सम्राट) आणि दुसऱ्या बाजूला चड्डीतला राष्ट्राध्यक्ष अशी पोस्टकार्डं काढली. एबर्ट मूळचे खोगीर शिवणारे कारागीर, म्हणजे खोगिराशी संबंध आलेले आपल्या यादीतले दुसरे. कारकिर्दीत त्यांनी बदनामीचे दीडशेहून अधिक खटले लढवले. 1924 साली माग्डेबुर्गच्या खटल्यात (तो फोटोचा नव्हता) ते जिंकले. त्यांच्यावर देशद्रोहाचा आरोप छापणाऱ्या संपादकाला तीन महिने कैद झाली, आणि त्याच निकालात न्यायाधीशांनी नोंदवलं की कायद्याच्या अर्थाने राष्ट्राध्यक्षांनी देशद्रोह केलाच होता. आता अशा विजयाची मिरवणूक कशी काढणार?

तुमची मात्र काढू. तारखा पडत राहतील, न्यायाधीश बदलतील, पेपरची मालकी बदलेल, तो उपअभियंता कार्यकारी अभियंता होऊन निवृत्त होईल. वर्षातून दोनदा सुनावणीची बातमी येईल, आणि दर जूनमध्ये तो फोटो 'संग्रहित छायाचित्र' म्हणून छापून येईल. आणि एक दिवस निकाल तुमच्या बाजूने लागेल. चौकात वीस बाय तीसचा फ्लेक्स लावायचं ठरेल : 'अब्रूनुकसानीच्या दाव्यात ऐतिहासिक विजय!' खाली शुभेच्छुकांचे सोळा चेहरे, गॉगलसकट. आणि संध्याकाळी डिझाइन करणारा पोरगा फोन करून विचारेल, "साहेब, मधोमध फोटो कुठला टाकू? गूगलवर तर तुमचा तोच येतोय."